एमिलला सगळ्यांनी पाहिलं होतं

बोगदा ओलांडून दोघी पुन्हा उजेडात आल्या, तेवढ्यात डोंगरात कुठेतरी बार झाला आणि आयरीन जागच्या जागी थबकली.

"कुठून आला गं?"

"पलीकडून. खाणीच्या बाजूने नाही," मालती म्हणाली.

मालतीला बंदुकीच्या आवाजाची दिशा कळत नाही, हे आयरीनला चांगलं ठाऊक होतं. त्या घळीत ती तिथे जन्मलेल्या माणसालाही धड कळत नाही. तरी तिने ते उत्तर पदरात पाडून घेतलं, कारण दुसरं तिला नको होतं. ती पुन्हा चालू लागली.

रूळ कधीच उखडून नेलेली ही जुनी रेल्वेची वाट पोर्ट विलार्डच्या मागच्या अंगाने निघते, ओढ्याच्या कडेकडेने चढत जाते आणि सरकारी रानाच्या फाटकाशी संपते. एमिल म्हणजे आयरीनचा नवरा. त्याचा बाप याच वाटेने खाणीमागच्या रानात शिकारीला जायचा, आणि त्याच्यामागून एमिलही दर साल गेला. म्हणून गाडी घरी ठेवून त्या त्याला शोधायला पायी निघाल्या होत्या. रात्री बोटभर बर्फ पडलं होतं. शिकारी असल्या बर्फाला देवाची देणगी म्हणतात, त्यात हरणाचा माग उमटतो. पण वाटेवर माणसांच्या बुटांचे इतके ठसे होते की त्यातून एमिलचा ठसा शोधायचा म्हणजे जत्रेत हरवलेली चप्पल शोधण्यातलाच प्रकार.

दोघींच्या अंगात नारिंगी जाकिटं होती. मालतीच्या अंगातलं आयरीनच्या मुलाचं, ते तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. या दिवसांत रानाकडे जायचं तर नारिंगी काहीतरी अंगावर हवंच, नाहीतर लांबून माणूस कोणता आणि हरीण कोणतं, याचा भरवसा कुणी देत नाही.

"आयरीन, मी पुन्हा सांगते. पोलिसांना कळवू या."

"पोलीस म्हणजे कोण? टॉमीच ना? त्याला मी शाळेत जेवायला वाढलंय. गाजरं ताटाखाली लपवायचा."

"मग बरंच की. तुझं ऐकेल तो."

"ऐकेल. मग घरी जाऊन बायकोला सांगेल. बायको केस कापायच्या दुकानात कामाला. संध्याकाळपर्यंत गावभर, आणि उद्या सकाळी काउंटीची, सरकारी कचेरीतली बाई माझ्या दारात उभी. गोड बोलेल, कॉफी घेईल, आणि जाताना एमिलला घेऊन जाईल."

"असं कुणी एकदम नेत नाही."

"लूला नेलं." लू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. "चांगला चालता-बोलता नेला. काउंटीच्या त्या म्हाताऱ्यांच्या घरात तीन महिन्यांत घास गिळायचा विसरला. मी बघितलाय त्याला, मालती. खुर्चीला पट्ट्याने बांधलेला. माझा एमिल तिथे जाणार नाही."

मालतीचे ओठ हलत होते. वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात दोघींनी एका ओट्याशी काम केलं होतं, तेव्हापासून आयरीनला हे ओठ माहीत. मोठी पातेली चुलीवरून उतरवतानाही ते असेच हलायचे. एकदा तिने विचारलं होतं, तर मालती म्हणाली होती, देवाचं नाव आहे, दुसरं काही नाही. तेव्हा आयरीन म्हणाली होती, "घे बाई, माझ्या वाटचंही घे, मला रविवारखेरीज वेळ नसतो." आता तिच्या स्वतःच्या खिशात जपमाळ होती आणि हातमोज्यातून मणी नीट हाताला लागत नव्हते.

आयरीन पोटोच्नी ही भिणारी बाई नव्हे. नदीला पूर आला तेव्हा चर्चच्या तळघरातून पिठाची पोती डोक्यावर घेऊन वर आणणारी ती. बाटल्यांच्या कारखान्यात संप झाला, एमिल महिनोन्‌महिने घरी बसला, तेव्हा तिने शाळेत नोकरी धरली आणि चारशे पोरांना रोज गरम जेवण घातलं. वात्रट पोरं तिच्यापुढे मान खाली घालून ताट पुढे करायची. तिच्या हातच्या हालुपकी, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा आणि भात, चर्चच्या जेवणात सगळ्यांत आधी संपायच्या, आणि ती दुसऱ्या बायकांच्या पातेल्यांकडे बघून म्हणायची, "राहू द्या, उद्या कुत्र्यांना होईल." अशी तोंडाळ.

पण गेल्या दोन वर्षांत तिच्या जिवाला घोर लागला होता. सुरुवात अगदी बारीक झाली. एमिल दूध आणायला गेला आणि दूध न आणता आला. मग शेगडी चालू राहिली. मग तो एकदा बाहेरच्या पायरीवर बसून राहिला, कारण हे घर कुणाचं ते त्याला आठवेना. तिने गाडीच्या किल्ल्या शिवणाच्या डब्यात टाकल्या. पुढच्या आणि मागच्या दाराला नाताळातल्या घुंगरांच्या माळा बांधल्या, म्हणजे रात्री दार हललं की तिला जाग यावी. गावात कुणाला काही कळू दिलं नाही. चर्चमध्ये कुणी एमिलला काही विचारलं आणि तो नुसता हसला, तर ती म्हणायची, "त्याला त्या कानाने कमी ऐकू येतं." दुकानात कुणी विचारलं, एमिल कसा आहे, तर ती म्हणायची, "मजेत." त्या गावात एवढंच विचारतात आणि एवढंच सांगतात. मुलगा डॅनी दक्षिणेत कामाला, दर रविवारी फोन करायचा, त्यालाही तेच. मालतीला मात्र कळलं. एकदा ती केक घेऊन आली आणि एमिलने तिला बसवलं, चहा विचारला, आणि थोड्या वेळाने पुन्हा दार उघडून तिला आत ये म्हणाला. ती तेव्हा खुर्चीतच बसलेली होती. तिने काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून ती दर मंगळवारी येऊ लागली, म्हणजे आयरीनला बाजार करता यावा.

बंदुकांचं काय करायचं, याचा विचार आयरीनने वेळेवर केला होता. पुतण्याला बोलावून सगळ्या देऊन टाकल्या होत्या. एकच ठेवली. एमिलच्या बापाची रायफल. ती द्यायला तिचा हात धजला नाही. तळघरातल्या लाकडी कपाटात ती ठेवून तिने कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या गळ्यात क्रुसाबरोबर घातली. काडतुसं तिने नदीत टाकली. पुलावरून, एक एक करून, जणू कबुतरांना दाणे टाकतेय अशी.

आणि आज, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. शाळा बंद, कारखाना निम्मा बंद, रस्त्यावर पुरुष दिसला तर तो नारिंगी. आदल्या रात्री एमिलने तिला झोपू दिलं नव्हतं. सारखा उठून खिडकीतून बर्फ बघत होता. उजाडता उजाडता तिचा डोळा लागला तो असा की दिवस डोक्यावर आला तेव्हा उघडला. अंथरूण थंड होतं. दोन्ही दारांच्या माळा जागच्या जागी. तळघरालाही एक दार आहे, अंगणात उघडणारं, हे तिला तेव्हा आठवलं.

तरी ती आधी तळघरात गेली नाही. तिथे काय दिसेल याची तिला धास्ती होती. कोट घालून ती मेन स्ट्रीटवर गेली. न्हाव्याच्या काचेतून डोकावली, पोस्टात डोकावली, वाचनालयात जाऊन पुस्तक बघतेय असं दाखवून सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. कुणाला विचारलं नाही. विचारलं की सांगावं लागतं. बेकरीतली हेलन आपणहून म्हणाली, "एमिल काय थाटात चालला होता गं सकाळी! जाकीट, टोपी, पाठीवर बंदूक. मी म्हटलं, मोठा आण, एमिल. म्हणाला, तुला एक तंगडी."

"हो," आयरीन म्हणाली. "मजेत आहे."

पेट्रोल पंपावरच्या बाईने त्याला कॉफी दिली होती. पोस्टमनने हात केला होता. चर्चच्या पायऱ्या झाडणाऱ्या फादर बॅसिलने आशीर्वाद दिला होता. वर्षातल्या इतर कुठल्याही दिवशी म्हातारा एमिल पोटोच्नी एकटा गावाबाहेर निघालेला दिसता, तर एखाद्याने तरी थांबवून विचारलं असतं, कुठे निघालास बाबा. आज कुणी विचारलं नाही. आज सगळेच तिकडे निघाले होते.

मग ती तळघरात गेली. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. बिजागऱ्यांच्या पिना ठोकून काढून दार अलगद बाजूला टेकवून ठेवलं होतं, आणि पिना कामाच्या टेबलावर एका ओळीत लावलेल्या. बायकोचा चेहरा विसरणारा माणूस, पण हात काही विसरले नव्हते.

"काडतुसं नाहीत ना त्याच्याकडे," आता वाटेने चालताना मालती म्हणाली. "तेवढं तरी बरं आहे."

"तेवढंच बरं आहे," आयरीन म्हणाली. दुपारपासून ती त्या एका गोष्टीला धरून चालत होती.

फाटकाशी वाट संपली. तिथे रिकाम्या गाड्यांची रांग लागली होती, आणि एका लाल ट्रकच्या मागे वॉल्ट सेडलाक हरणाच्या पायांना दोरी बांधत होता. वॉल्ट आणि एमिल कारखान्यात एकाच भट्टीवर, एकाच पाळीत उभे राहिलेले. वॉल्टचा चेहरा अजूनही भट्टीसमोर असल्यासारखा लाल.

"अरे देवा, आयरीन!" तो म्हणाला. "तूही निघालीस? मग हरणांना म्हणावं, मृत्युपत्र करून ठेवा. आणि मॉली, तुला हे जाकीट कुणी घातलं? तंबूला पाय फुटल्यासारखी दिसतेस."

मालतीला तिथे सगळे मॉली म्हणतात. ती म्हणाली, "वॉल्ट, एमिल दिसला का तुला?"

"दिसला म्हणजे? सकाळी माझ्या शेजारी बसून खाल्लं त्याने. बंबवाल्यांच्या हॉलमध्ये. पॅनकेक, सॉसेज, वर पुन्हा पॅनकेक. मग मीच त्याला इथवर ट्रकमधून आणलं. म्हटलं, या वयात बोगद्यातून कुठे तंगडतोड करतोस."

"बोलला तुझ्याशी?" आयरीनने विचारलं.

"बोलला? थांबतोय कुठे! तो खाणीमागचा बारा शिंगांचा, बाप झाडावर आणि हरीण झाडाखाली, ती गोष्ट. दरवर्षीची. सगळं टेबल हसलं. झकास आहे तुझा म्हातारा."

आयरीनच्या लक्षात आलं की तिथे कुणाला संशय येणं शक्यच नव्हतं. त्या न्याहारीला चाळीस वर्षं तीच माणसं, तेच टेबल, त्याच गोष्टी. त्यात एमिलला आठवावं असं नवीन काहीच नव्हतं. सकाळी त्या हॉलमध्ये तो गावातल्या कुणाहीइतकाच शहाणा होता.

"कुठे गेला मग?"

"जातो तिथेच. खाणीमागे, बापाच्या झाडाखाली. काय झालं? डॅनीचा फोनबिन?" वॉल्ट दोरी ओढत म्हणाला. "बाकी वेंधळा झालाय हां थोडा. बंदूक घेऊन आला आणि काडतुसं घरी. मी म्हटलं, हे म्हणजे नवरदेव आला आणि अंगठी विसरला. माझ्याच मापाची लागतात त्याला, दिली मूठभर."

मालतीने आयरीनचा दंड धरला.

"काय?" वॉल्ट म्हणाला. "परत नको मला. मूठभर काडतुसं ती काय."

आयरीनने तोंड उघडलं. नेहमीचा शब्द जिभेवर तयार होता, तो बाहेर येणार असं तिला वाटलं. त्याऐवजी ती म्हणाली, "वॉल्ट, त्याला काही आठवत नाही. दोन वर्षं झाली. काल रात्री त्याने मला विचारलं, बाई, तुम्ही रात्रपाळीच्या नर्स का."

वॉल्टच्या हातातली दोरी सुटली. तो आधी हसायला लागला, कारण ही तिची एखादी थट्टा असेल असं त्याला वाटलं. मग त्याने मालतीकडे पाहिलं आणि हसणं तिथेच राहिलं.

"पण ती गोष्ट त्याने सगळी सांगितली," तो म्हणाला. "शिंगं सुद्धा बरोबर."

"हो."

"मी त्याला काडतुसं दिली."

"तुला काय माहीत?"

"मी स्वतःच्या हाताने दिली, आयरीन."

"मी सांगितलं असतं तर दिली नसतीस," ती म्हणाली. "चल आता. उजेड जातोय."

खाणीकडे जायला वाट अशी नाही. कोळसा काढून उघडा टाकलेला डोंगर, त्यावर पुन्हा उगवलेली काटेरी झुडपं, आणि मध्ये मध्ये काळ्या पाण्याची डबकी. वॉल्ट पुढे, मागे आयरीन, तिच्या मागे मालती. शिकार थांबवायची वेळ जवळ आली होती, म्हणून रानातून माणसं परत निघाली होती. झाडांमधून एखादा नारिंगी ठिपका दिसायचा आणि आयरीन टाचा उंचावून बघायची. तो एमिल नसायचा. आणि तो ठिपका चालत असतानाच तिला वाटायचं, एमिल आत्ता कुठूनतरी याच माणसाकडे बघत असेल तर? त्याला नारिंगी म्हणजे काय ते आठवत असेल का?

एक बार झाला. अगदी जवळ. डबक्यावर वाकलेल्या फांदीवरचं बर्फ झडून पाण्यात पडलं.

"हा खाणीचा," वॉल्ट म्हणाला. त्याने दिशा विचारायची वाट पाहिली नाही.

आयरीन धावू लागली. बहात्तर वर्षांची बाई, गुडघ्याचं दुखणं, बर्फात. वॉल्टने तिला मागून धरलं. "धावू नको. आवाज करू नको. वाट बघत बसलेल्या माणसाच्या अंगावर असं झुडपातून कुणी जात नाही."

"माझा आवाज ओळखेल तो."

"ओळखेल?"



ते वळसा घेऊन वरच्या अंगाने गेले. उतार संपतो तिथे एक जुनं हेमलॉकचं झाड आहे, काळंकुट्ट, खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. त्याच्या बुंध्याला पाठ लावून एमिल बसला होता. टोपी, जाकीट, मांडीवर रायफल. लांबून पाहिलं तर कुणालाही हेवा वाटावा असा, आपल्या बापाच्या जागेवर स्वस्थ बसलेला म्हातारा. त्याच्या मिशांवर बर्फ होतं.

"एमिल," आयरीनने हाक मारली. घरात मारते तशीच, फार मोठी नाही.

त्याने मान वळवली नाही. आधी बंदूक वळवली. दस्ता खांद्याला लागला, नळी झुडपांवरून सरकत आली आणि तिच्यासमोर थांबली. चाळीस वर्षं तिने त्याला हे करताना पाहिलं होतं, अंगणात, रिकामे डबे ठेवून. इतका सावकाश, इतका सफाईदार. हात जराही कापत नव्हता. मागे मालतीचं पुटपुटणं तिला ऐकू आलं आणि तेही मध्येच थांबलं. आपण नारिंगी घातलंय, ती स्वतःला सांगत राहिली, आपण नारिंगी घातलंय. पुन्हा हाक मारावी तर त्याचं बोट दचकेल. न मारावी तर त्याला वाटेल, जनावर उभं आहे.

शेजारून वॉल्ट ओरडला, भट्टीच्या गोंगाटावरून ओरडायचा तसा, "एमिल! पाळी संपली!"

नळी खाली आली.

"एवढ्यात?" एमिल म्हणाला.

"भोंगा झाला. चल, हात धू."

एमिल उठला. गुडघे आखडले होते, झाडाला धरून उठला. वॉल्ट त्याच्यापाशी गेला, "दे, मी धरतो," म्हणाला आणि रायफल घेतली. आयरीनने पाहिलं, वॉल्टने काडतुसं एक एक मोजून काढली आणि खिशात टाकली. मग त्याने नळी नाकाशी नेली.

"कशावर झाडलीस, एमिल?"

"हललं काहीतरी."

"कुठे?"

एमिलने डबक्याच्या पलीकडे बोट केलं. वॉल्ट तिकडे गेला. तो परत येईपर्यंत आयरीन एमिलचे हात आपल्या हातमोज्यांत चोळत उभी राहिली, आणि झुडपांकडे बघायचं नाही असं ठरवून फक्त त्याच्या हातांकडे बघत राहिली. तेवढ्या वेळात तिने त्या सगळ्या बायकांची तोंडं डोळ्यांसमोर आणली, ज्यांचे नवरे त्या दिवशी रानात होते.

वॉल्ट आला. "ओंडका आहे," तो म्हणाला. "नुसता ओंडका." मग एमिलला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो तिला म्हणाला, "वाट चुकू नये म्हणून कुणीतरी त्याला फीत बांधलीय. नारिंगी. तिच्यातूनच गेलीय गोळी."

परत येताना एमिल मध्ये, वॉल्ट आणि आयरीन दोन बाजूंना, मालती मागून. तो खुशीत होता. वॉल्टच्या कानाशी लागून म्हणाला, "घरी आयरीनला काही सांगू नकोस हं, इतका उशीर झाला ते. उगाच जिवाला लावून घेते." आयरीन त्याचा हात धरूनच चालत होती.

ट्रकमध्ये चौघं दाटीने बसले. मागे वॉल्टचं हरीण. एमिलने काचेवर नाक लावून गावाचे दिवे पाहिले आणि म्हणाला, "आज नाही मिळालं. हरकत नाही. दोन आठवडे आहेत. उद्या लवकर निघू."

"निघू," वॉल्ट म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

घरी आल्यावर आयरीनने त्याला गरम सूप दिलं, ओले मोजे काढले आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसवलं. रायफल वॉल्टने आपल्या ट्रकमध्येच ठेवली होती. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही, आयरीन. तुला शब्द देतो. टॉमीलाही नाही, फादरलाही नाही. पोरांनाही नाही."

"तू चांगला आहेस, वॉल्ट."

तो गेला. ट्रकचा आवाज कोपऱ्यावर नाहीसा झाला. मालतीने सुपाचं पातेलं ओट्यावरून उचलून धुवायला घेतलं, आणि आयरीन तिच्याजवळ येऊन उभी राहिली, शाळेत उभी राहायची तशी, पाठ भिंतीला लावून.

"शब्द दिलाय त्याने. पाळेलही मेला. सगळे पाळतील," ती हळू आवाजात म्हणाली. "मला दोन वर्षं हेच हवं होतं."

"तू थकलीयस. बस जरा."

"उद्या रात्री मी पुन्हा झोपले तर? तो या दाराने नाही तर त्या दाराने जाईल. जाकीट मी जाळलं तर कुणीतरी त्याला आपलं देईल. बंदूक देईल. इथली माणसं वाईट नाहीत गं, तीच तर भीती आहे. आज त्या फितीच्या जागी हेलनचा नवरा असता."

"नव्हता ना. देवाने राखलं."

"राखलं. रोज त्यालाच राखायला लावू का?" तिने एमिलकडे पाहिलं. त्याला झोप लागली होती, वाटी अजून हातात. "डॅनीला फोन मी आजच करते. काउंटीची बाई आली तर येऊ दे. दारातच उभी करीन, पण येऊ दे. पण तू माझं एक काम कर, मालती."

"सांग."

"उद्या सकाळीही बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सगळे न्याहारीला असतील. तू जा तिथे. टेबलाशी उभी राहा आणि मोठ्याने सांग. म्हणावं, एमिल पोटोच्नी कुठेही एकटा दिसला तर त्याला हात करू नका. थांबवा. गाडीत घ्या आणि घरी आणा. तो काय सांगतोय ते ऐकू नका, कितीही छान सांगत असला तरी. मी स्वतः गेले असते, पण मी दारात पाय ठेवला की कुणीतरी विचारेल, कसा आहे म्हातारा, आणि मला माझा भरवसा नाही. तू सांगशील त्यांना?"